शिनाण्याच्या कापात धातू कुठे बसलेत? लेझर आयसीपी-एमएसने नकाशा काढण्याच्या पायऱ्या

एका विद्यार्थिनीने मागे मला शिनाण्याच्या (इंग्रजीत मसल) पचनग्रंथीतला लोहाचा नकाशा दाखवला. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळे-लाल ठिपके, दिवाळीच्या रोषणाईसारखे. खाली ओळ होती : "पेशींमध्ये लोहाचा संचय." मी तिला त्याच कापाचा ॲल्युमिनियमचा नकाशा उघडायला सांगितला. तेच ठिपके, त्याच जागी. शिनाण्याच्या पेशी ॲल्युमिनियम असे गोळा करून ठेवत नाहीत. तो आतड्यात राहिलेला मांडवी नदीचा गाळ होता. "मॅडम, म्हणजे सहा महिने फुकट?" गाळाचा नकाशा झकास आलाय, असे ओठांवर आले होते, पण गिळले.

ही चूक तिची एकटीची नाही. असा नकाशा लेझर आयसीपी-एमएसने निघतो : लेझर कापावर ओळीओळीने फिरत मांस उडवतो, ते आर्गनच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत जाते, आणि यंत्र त्यातले अणू वजनानुसार मोजते. आपल्याकडे बहुतेकांचे काम दोन ठिकाणी वाटलेले असते. नमुना गोळा करणे, कापणे, सुकवणे गोव्यात होते आणि लेझरसाठी दुसऱ्या राज्यात दोन-तीन दिवसांची वेळ मिळवून जावे लागते. सगळी धास्ती त्या दोन दिवसांची वाटते. प्रत्यक्षात लेझरसमोर बिघडते ते थोडे. बाकीचे गाडीत बसण्याआधीच बिघडलेले असते आणि तिथे गेल्यावर ते दुरुस्त करता येत नाही. म्हणून या लेखातला अर्ध्याहून जास्त भाग तयारीचा आहे.

उदाहरण शिनाण्याचे घेते. माशाचे यकृत असो, उंदराचा मेंदू असो की पान, क्रम हाच राहतो.

## १. आधी प्रश्न, मग मूलद्रव्यांची यादी

"सगळे धातू बघायचेत" हा प्रश्न नव्हे. एकामागून एक मोजणाऱ्या क्वाड्रुपोल यंत्रात वाढवलेला प्रत्येक समस्थानिक प्रत्येक ठिपक्याचा वेळ खातो. शिनाण्यासाठी माझी यादी नऊची : ॲल्युमिनियम-२७, फॉस्फरस-३१, मँगनीज-५५, लोह-५७, तांबे-६३, तांबे-६५, जस्त-६६, कॅडमियम-१११, शिसे-२०८.

यातल्या तीन मूलद्रव्यांचे काम पहारा देण्याचे आहे. ॲल्युमिनियम गाळ पकडते. फॉस्फरस जवळपास सगळ्या पेशींत असतो, त्यामुळे ऊतक कुठे आहे आणि काच कुठे, हे तो दाखवतो. तांब्याचे दोन समस्थानिक मिठाची चुगली करतात : समुद्री प्राण्यातला सोडियम प्लाझ्मातल्या आर्गनशी जुळला की त्याचे वजन ६३ भरते आणि यंत्र त्याला तांबे समजते. निसर्गात तांबे-६३ आणि तांबे-६५ यांचे प्रमाण सुमारे २.२४ असते. कापाच्या कडेला ते ३ किंवा ४ निघाले, तर तिथल्या ६३ मध्ये तांब्याबरोबर मीठही मोजले जाते.

लोहासाठी ५६ घ्यायचा मोह सोडा. आर्गन आणि ऑक्सिजन मिळून नेमके ५६ होतात. यंत्रात हेलियम किंवा हायड्रोजनची टक्कर-कोठी (अशा जोड्यांना वाटेत अडवणारी) असेल आणि ती चालवणारा माहीतगार असेल, तर ५६ चालेल. नाहीतर ५७. आर्सेनिक-७५ ची हीच गत : आर्गन अधिक क्लोरीन-३५, आणि शिनाण्यात क्लोराइडला तोटा नाही. क्रोमियम-५२ वर आर्गन-कार्बन येऊन बसतो, आणि ऊतक म्हणजे कार्बनच. पाऱ्याचा विषय वेगळा; तो काप सुकवतानाच उडू शकतो. या पद्धतीत मी पारा घेत नाही.

सावधान : काप दुसऱ्या प्रकारच्या मास स्पेक्ट्रोमेट्रीसाठी मिळणाऱ्या विद्युतवाहक लेपाच्या स्लाइडवर घेऊ नका. तो लेप इंडियम आणि टिन यांच्या ऑक्साइडचा असतो. टिनचा एक समस्थानिक ११४ वजनाचा आहे आणि पुष्कळ जण कॅडमियम ११४ वरच मोजतात. साधी काच बरी.

## २. शिनाणे जिवंत आणा, पोट रिकामे करा

बाजारात सोललेल्या मांसाचा वाटा मिळतो, तो या कामाला नको. सोललेले मांस गोड्या पाण्यात पडले की पेशी फुगून फुटतात आणि धातू हलतात. बर्फावर दिवसभर पडून राहिलेल्याचीही तीच कथा. शिंपला मिटलेला, टिचकी मारल्यावर आणखी घट्ट मिटणारा, असा जिवंत शिनाणा हवा. शक्यतो स्वतः खडकावरून काढलेला, कारण मग जागा आणि भरती-ओहोटीची वेळ तुमच्या वहीत येते.

आता पोटाचा प्रश्न. मांडवी आणि जुवारीत अनेक वर्षे खनिजाच्या बार्जी चालल्या, तळाच्या गाळात लोह आणि मँगनीज भरपूर आहे, आणि शिनाणा दिवसभर पाणी गाळत बसलेला असतो. त्याला २४ ते ४८ तास स्वच्छ, गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात उपाशी ठेवा. पाणी दर १२ तासांनी बदला, टाकलेली विष्ठा काढून घ्या. नाहीतर तीच तो पुन्हा गाळून आत घेतो.

पाण्याचा खारटपणा जिथून शिनाणे काढले तिथल्याइतकाच ठेवा. पावसाळ्यात नदीच्या मुखाजवळचे पाणी जवळजवळ गोडे झालेले असते. तिथला शिनाणा थेट समुद्राच्या खाऱ्या पाण्यात टाकला, तर तो शिंपला मिटून बसतो आणि पोट तसेच भरलेले राहते. दोन दिवस गेले, पाणी नितळ दिसले, की माणसाला वाटते काम झाले.

मात्र तुमचा प्रश्न "खाणाऱ्याच्या पोटात काय जाते" असा असेल, तर उपास घडवू नका. तेव्हा गाळही मोजायचाच. म्हणून प्रश्न आधी.

तपासणी : भांड्याच्या तळाशी विष्ठेचे दोरे दिसतात का? दुसऱ्या दिवशीही एकही दिसला नाही, तर शिनाणे पाणी गाळतच नाहीत. खारटपणा मोजा.

## ३. उघडणे, टिपणे, गोठवणे

हे तिन्ही एका दमात व्हायला हवे, म्हणून द्रव नायट्रोजन समोर आल्याशिवाय पहिला शिंपला उघडू नका.

शिंपला सिरॅमिक किंवा टायटॅनियमच्या सुरीने उघडा. खडकाला धरून ठेवणारे दोरे शेवटपर्यंत कातरून टाका. त्यांत लोह नैसर्गिकच असते, पण ते पचनग्रंथीला चिकटून आले की नकाशात भलतीकडे रेघ उमटते.

हातमोजे हा छोटा विषय वाटतो, पण तिथे माझेच हसे झाले आहे. जस्ताच्या एका नकाशात वरच्या डाव्या कोपऱ्यात सुंदर लंबगोल डाग आला. दोन दिवस मी तिथल्या पेशींचा अर्थ लावत होते. शेवटी लक्षात आले, तो माझा अंगठा होता. रबर पक्के करताना जस्ताचे ऑक्साइड वापरतात, त्यामुळे लॅटेक्समध्ये जस्त असते आणि निळ्या नायट्राइलमध्येही. जस्त मोजायचे तर व्हिनिल किंवा पॉलिथिनचे मोजे घाला आणि तरीही मांसाला बोट लावू नका. प्लास्टिकचा चिमटा वापरा.

धुणे कमीत कमी. अतिशुद्ध पाण्यात २-३ सेकंद बुडवून लगेच गाळणकागदावर टिपा. मिठाचा थर जावा इतकेच. भिजत ठेवाल तर सोडियमबरोबर पोटॅशियम आणि सैल धरलेले जस्तही जाईल. फॉर्मलिनमध्ये नमुना बुडवणे हीसुद्धा एक प्रकारची लांबलचक धुलाईच आहे. जुन्या संग्रहातले फॉर्मलिनचे नमुने मिळतात म्हणून वापरू नका, आणि वापरलेच तर ताज्या नमुन्याशी त्यांची तुलना करू नका.

गोठवण्यासाठी आयसोपेंटेन एका भांड्यात घेऊन ते भांडे द्रव नायट्रोजनमध्ये धरा. तळाशी पांढरी, साखरेच्या पाकासारखी कणी धरू लागली की आयसोपेंटेन उणे १६० °से. च्या आसपास आले. ऊतकाचा ५-८ मिलिमीटरचा तुकडा त्यात ३०-४० सेकंद धरा. थेट नायट्रोजनमध्ये टाकू नका. तिथे तुकड्याभोवती वायूचे आवरण तयार होते, थंडी असमान शिरते, बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि काप तडकतात.

सावधान : आयसोपेंटेन २८ °से. ला उकळते आणि सहज पेट घेते. गोव्यात एप्रिलच्या दुपारी खोलीचे तापमानच त्याहून जास्त असते. बाटली ठिणगीरोधक फ्रिजमध्ये ठेवा, धूर खेचणाऱ्या कपाटाखालीच उघडा, आणि हे काम सकाळी उरका.

गोठलेला तुकडा (पुढे त्याला ठोकळा म्हणते) उणे ८० च्या फ्रीझरमध्ये. तिथे एक छोटी युक्ती करा. प्लास्टिकच्या कपात मीठ विरघळायचे थांबेपर्यंत घातलेले पाणी गोठवा आणि वर पाच रुपयांचे नाणे ठेवा. असे पाणी उणे २१ च्या आसपास गोठते. नाणे बर्फात बुडलेले दिसले, तर मधे कधीतरी फ्रीझर त्याच्या वर चढला होता. एकदा चवथीच्या सुटीत आमच्याकडे वीज गेली आणि परत आली. पडद्यावर उणे ७९ दिसत होते, डबे टणक होते, सगळे ठीक वाटले. तेव्हा नाणे नव्हते. त्या ठोकळ्यांच्या कापांत जस्त धुक्यासारखे पसरलेले आले, आणि कारण कळायला पुढची दोन महिन्यांची शोधाशोध लागली.

## ४. काप घेणे

ठोकळा उणे ८० मधून काढून थेट पात्याला लावला तर तो भुगा होतो. क्रायोस्टॅटमध्ये, म्हणजे थंड कोठीतल्या काप-यंत्रात, उणे २२ वर त्याला अर्धा-पाऊण तास बसू द्या. पचनग्रंथी चरबीदार असते. काप पात्याला चिकटून गोळा होऊ लागला तर आणखी दोन-तीन अंश खाली जा.

ठोकळा चकतीवर चिकटवायला गोठणाऱ्या भरण-द्रवाचा एक थेंब पुरे, तोही फक्त खालून. पूर्ण तुकडा त्यात बुडवू नका. ऊतक फारच लिबलिबीत असेल तर भोवती १० टक्के जिलेटिन घाला. सोडियमवाला सेल्युलोजचा डिंक काही ठिकाणी सुचवतात. आपण सोडियमपासूनच पळतोय, तेव्हा तो नको.

जाडी २० मायक्रॉन. पाते टेफ्लॉनचा लेप असलेले, नवे. अल्कोहोलने पुसा, ठोकळ्याचे तोंड सपाट होईपर्यंत एक भाग वापरा आणि खरे काप घेण्याआधी पाते सरकवून कोरा भाग पुढे आणा. पहिले चार-पाच काप फेकून द्या.

मग ओळीने तीन-तीनचे संच घ्या : पहिला रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, दुसरा लेझरसाठी, तिसरा राखीव. लेझरचा काप रंगवायचा नाही, त्यावर काचेचे झाकण नाही, चिकटद्रव नाही. ठोकळ्याच्या एका कोपऱ्याला आधीच तिरकी खाच पाडून ठेवा. काप स्लाइडवर घेताना उलटा पडतो, आणि खाच नसेल तर डावे-उजवे नंतर नुसत्या अंदाजाने ठरवावे लागते.

तपासणी : त्याच पात्याने कोऱ्या जिलेटिनचा एक काप घ्या आणि तोही यंत्राकडे न्या. त्यात लोखंड दिसले, तर ते पात्याचे आहे किंवा जिलेटिनचे. शिनाण्याचे नक्कीच नाही.

## ५. सुकवणे आणि प्रवास : इथे आपली हवा आडवी येते

धातू कुजत नाहीत. सुकलेला काप खोलीच्या तापमानालाही आठवडेभर तसाच राहतो, त्यामुळे प्रवासात ड्राय आइस वागवायची गरज नाही. धातूंना हलवते ते पाणी, आणि गोव्याच्या हवेत पाणीच पाणी.

काप स्लाइडवर विरघळून बसला की ती स्लाइड मिनिटभरात सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) असलेल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद भांड्यात, गेली पाहिजे. "सगळे काप झाले की एकदम ठेवू" म्हणत टेबलावर मांडून ठेवलेल्या स्लाइडवर पहिला काप दमट हवेत तासभर ओला राहतो, शेवटचा पाच मिनिटे. नंतर दोघांतला फरक तुम्ही नमुन्याच्या माथी मारता. निळ्या सिलिका जेलमधला रंग कोबाल्टचा असतो. दाणे सुटे ठेवू नका, कापडी पुडीतच राहू द्या.

सुकलेल्या स्लाइड प्लास्टिकच्या डबीत, डबी जिलेटिनच्या मानकांसकट (ती पुढच्या भागात) झिपच्या पिशवीत, पिशवीत सिलिकाची पुडी, आणि वरून आणखी एक पिशवी. काही कारणाने उणे ८० मध्ये ठेवायच्याच असतील, तर बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता तासभर टेबलावर ठेवा. हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवले आहे, तरी दर वर्षी कोणीतरी पिशवी लगेच उघडतो. जुलैत तर थंड काच दोन सेकंदांत चष्म्यासारखी धुकटते. तेवढ्या दवात सोडियम, पोटॅशियम कडेला वाहत जातात आणि ऊतकाभोवती झळाळती किनार तयार होते. नंतर तिला कोणी जीवशास्त्रीय अर्थही लावते.

तपासणी : स्लाइड तिरपी धरून उजेडात बघा. कापाभोवती पांढुरकी कडा किंवा स्फटिक दिसले, तर ती स्लाइड बाद. राखीव काप घ्या.

## ६. जिलेटिनची मानके

मानके म्हणजे धातूचे प्रमाण आधीच माहीत असलेले नमुने. त्यांच्याशिवाय नकाशात फक्त रंग असतो, आकडा नसतो. काचेची मानके यंत्र जुळवायला चांगली, पण लेझरखाली काच आणि मांस सारखे उडत नाहीत. म्हणून मांसासारखेच काहीतरी हवे, आणि आपल्या ऐपतीतले जिलेटिन आहे.

१. वजनाने १० टक्के जिलेटिन अतिशुद्ध पाण्यात ५०-५५ °से. वर विरघळवा. आधी दोन-तीन वेगवेगळ्या डब्यांतले जिलेटिन कोरे मोजून ज्यात धातू कमी तो निवडा. फरक डोळ्यांत भरण्याइतका असतो.

२. एका कोऱ्यासह पाच-सहा पातळ्या करा. लोह आणि जस्तासाठी ०, १०, ५०, १००, २०० मिग्रॅ. प्रति किलो, कॅडमियम, शिशासाठी ०, ०.५, २, ५, २०. पिपेटच्या आकड्यावर विसंबू नका, प्रत्येक भर वजनाने नोंदवा. धातूंची मूळ द्रावणे आम्लात असतात. आम्ल जास्त झाले तर जिलेटिन गोठतच नाही.

३. नीट ढवळून साच्यात ओता आणि शिनाण्यासारखेच झटक्यात गोठवा. फ्रिजमध्ये सावकाश गोठू दिले तर बर्फ पुढे सरकताना धातूंना ढकलत नेतो आणि मानकाच्या मध्यभागी वेगळे, कडेला वेगळे भरते.

४. ऊतकाइतक्याच जाडीचे, २० मायक्रॉनचे काप घ्या. द्रवाचा थेंब स्लाइडवर टाकून सुकवू नका. चहाच्या कपाखाली उमटते तसे कडे तयार होते आणि सगळा धातू त्या कड्यात जातो.

५. प्रत्येक मानकाचा उरलेला तुकडा नायट्रिक आम्लात पचवून साध्या द्रावण पद्धतीने मोजा. तोच त्याचा खरा आकडा. हे पचन नीट होते की नाही हे पाहायला निस्टचा (अमेरिकेच्या मानक संस्थेचा) १५६६बी हा कालवाच्या मांसाचा प्रमाणित नमुना सोबत लावा.

एकक हा इथला खड्डा आहे. मानक आणि ऊतक दोन्ही ओले असताना २० मायक्रॉन कापले आणि लेझरने दोन्ही तळापर्यंत उडवले, तर उत्तर ओल्या वजनाचे येते. शिनाण्याच्या मांसात सुमारे चार-पंचमांश पाणी असते, त्यामुळे सुक्या वजनात मोजलेल्या जुन्या आकड्यांशी तुमचे आकडे पाचपटीने जुळणार नाहीत. यावर वाद घालत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. दोघेही बरोबर होते.

## ७. वेळ आणि आर्गन : गाडी पकडण्याआधी कागदावर मांडा

समजा क्षेत्र ८ × ६ मिलिमीटर आहे आणि लेझरचा चौकोनी ठसा ३० मायक्रॉनचा.

नऊ समस्थानिक, प्रत्येकी ५० मिलिसेकंद, वर थोडा स्थिरावण्याचा वेळ. एक फेरी साधारण अर्ध्या सेकंदाची. वेग सेकंदाला ६० मायक्रॉन ठेवला तर अर्ध्या सेकंदात ३० मायक्रॉन, म्हणजे ठिपका चौरस येतो. ६ मिलिमीटरमध्ये २०० ओळी. प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनी ०.३ मिलिमीटर बाहेर काढली तर लांबी ८.६ मिलिमीटर, वेळ १४३ सेकंद, अधिक ओळीआधी २० सेकंद नुसता वायू. २०० ओळींना नऊ तास. मानके आणि यंत्र तापवणे धरून साडेदहा.

आता वायू. प्लाझ्मा मिनिटाला सुमारे १८ लिटर आर्गन पितो. ७ घनमीटरचे सिलिंडर साडेसहा तासांत संपते. म्हणजे नकाशा दोन-तृतीयांशावर आला की मध्यरात्री प्लाझ्मा विझणार. पुन्हा पेटवला की संवेदनशीलता बदललेली असते आणि नकाशात आडवी रेघ कायमची राहते. दोन सिलिंडर आपोआप बदलणाऱ्या जोडणीवर आहेत का, की द्रव आर्गनचे मोठे भांडे आहे, हे आधी फोन करून विचारा.

लेझर सेकंदाला २० वेळा मारतो, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी एकदा. मोजणीही ५० ची ठेवली की प्रत्येक मोजणीत नेमका एक मारा येतो. कोणी हौसेने ३३ केले, तर काही मोजण्यांत मारा सापडतो, काहींत नाही, आणि नकाशावर कुणबी साडीसारख्या चौकटी उमटतात. साडीवर त्या शोभतात.

## ८. पहिली ओळ मारण्यापूर्वी

स्लाइड लेझरखालच्या बंद कोठीत ठेवली की आत शिरलेली हवा निघायला १०-१५ मिनिटे हेलियम वाहू द्या. घाई केली तर पहिल्या दहा ओळींची पार्श्वभूमी हळूहळू उतरत जाते.

निस्ट ६१२ काचेवर यंत्र जुळवा. दोन गोष्टी पाहा : थोरियम ऑक्साइडचे थोरियमशी प्रमाण अर्ध्या टक्क्याखाली, आणि युरेनियम-थोरियमचे प्रमाण १ च्या जवळ. ते १ च्या फार वर असेल तर प्लाझ्मा कणांना पूर्ण जाळत नाही.

त्याच काचेवर एकच मारा करा आणि सिग्नल एक टक्क्यावर उतरायला किती वेळ लागतो ते बघा. जुन्या कोठ्यांत तो ०.८ सेकंद निघू शकतो. आपला ठिपका अर्ध्या सेकंदाचा आहे, म्हणजे एका ठिपक्याचा धातू पुढच्यात सांडणार. तेव्हा वेग कमी करा. "सॉफ्टवेअरमध्ये बघू" असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका.

मग लेझरची ऊर्जा. राखीव स्लाइडच्या कोपऱ्यावर पाच छोट्या ओळी मारा : ०.५, ०.७५, १, १.५ आणि २ जूल प्रति चौरस सेंटिमीटर. या चाचणीपुरते सिलिकॉन-२९ यादीत घ्या. ज्या पातळीला कॅमेऱ्यात मांस पूर्ण उडालेले दिसते पण सिलिकॉन उसळत नाही, ती तुमची. कमी ऊर्जेत जाड भागातले मांस उरते आणि तिथे धातू कमी असल्याचा भास होतो. जास्त ऊर्जेत काच उडते, आणि काचेत ॲल्युमिनियम असते. म्हणजे गाळावर नेमलेला पहारेकरीच फितूर.

सावधान : या टप्प्यावर संपूर्ण स्लाइडचे स्पष्ट छायाचित्र घ्या, खाच दिसेल असे. लेझर फिरल्यावर मांस उरत नाही, आणि नकाशा कशावर ठेवायचा हे सांगणारे दुसरे काही नसते.

## ९. प्रत्यक्ष धाव

मानके सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. फक्त सुरुवातीला मारून झोपायला गेलात, तर नऊ तासांत संवेदनशीलता किती घसरली हे कधीच कळणार नाही. शक्य असेल तर दर ५० ओळींनी एका मधल्या मानकाची एक ओळ घाला.

कार्बन-१३ ला अंतर्गत मानक (म्हणजे प्रत्येक ठिपक्यात ज्याच्याशी बाकीचे आकडे ताडायचे तो) धरण्याची पद्धत जुनी आहे आणि मला ती पटत नाही. कार्बनचा काही भाग वायू होऊन जातो, धातू कण होऊन जातात, दोघांचा प्रवास वेगळा. शिवाय चरबीत कार्बन जास्त, म्हणून चरबीदार भागात धातू उगाच कमी दिसतात. तुमच्याकडे कापावर सोन्याचा पातळ सारखा थर देण्याची सोय असेल तर ते चांगले. नसेल तर वारंवार मारलेल्या मानकांवरून घसरण दुरुस्त करा आणि तसे लिहा.

पहिल्या पाच ओळी समोर बसून बघा. फॉस्फरस ऊतकाच्या कडेला चढतो, बाहेर पडल्यावर उतरतो, एवढे दिसले की जेवायला जा.

## १०. आकड्यांपासून नकाशापर्यंत

प्रत्येक ओळीतून तिच्याच सुरुवातीच्या वायूची सरासरी वजा करा. सगळ्या ओळींना एकच पार्श्वभूमी लावू नका. मग घसरण, मग मानकांच्या रेषेवरून मिग्रॅ. प्रति किलो.

ऊतकाबाहेरच्या कोऱ्या काचेवरच्या मोजण्यांच्या प्रमाण विचलनाच्या तिप्पट, ही शोध-मर्यादा. त्याखालचे ठिपके करड्या रंगात दाखवा. निळ्यात दाखवलेत की वाचणारा त्याला "थोडे आहे" समजतो.

रंगांबद्दल माझे मत ठाम आहे : इंद्रधनुष्याची पट्टी बंद करा. तिच्यात पिवळ्याच्या जागी डोळ्याला उगाच कडा दिसते. काळ्यापासून पिवळ्यापर्यंत सारखी उजळत जाणारी पट्टी वापरा. स्वच्छ जागेचा शिनाणा आणि खाणीच्या गाळाजवळचा शिनाणा शेजारी ठेवताना दोघांना एकच मोजपट्टी. सॉफ्टवेअर आपणहून प्रत्येकाला वेगळी देते. ठिपके गुळगुळीत करणारा पर्यायही बंद. ३० मायक्रॉनचा ठिपका ३० चाच दिसू दे.

आता पहारेकऱ्यांना विचारा, या क्रमाने :

लोहाचा ठिपका जिथे, तिथे ॲल्युमिनियम आहे का? असेल तर तो गाळ. तांबे-६३ आणि ६५ चे प्रमाण संपूर्ण कापावर २.२४ च्या आसपास आहे का? नसेल तर ६५ चा नकाशा वापरा. धातू फक्त कडेलाच झळकतो का? मग दव किंवा धुलाई. रेघ ओळींच्या दिशेने जाते का? मग यंत्र. ओळींना तिरकी जाते का? मग पात्याची खरड.

शेवटची तपासणी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची. ठोकळ्याचा उरलेला भाग आम्लात पचवून मोजा, आणि नकाशातल्या ऊतकाच्या सगळ्या ठिपक्यांची सरासरी त्याच्याशी ताडून पाहा. एक काप म्हणजे पूर्ण अवयव नव्हे, म्हणून २०-३० टक्के फरक मी चालवून घेते. दुप्पट फरक निघाला तर नकाशा बाहेर जात नाही, कितीही देखणा असला तरी. आणि एका तापलेल्या ठिपक्याचा आकडा अन्नसुरक्षेच्या मर्यादेशेजारी ठेवू नका. ती मर्यादा पूर्ण मांसाच्या सरासरीसाठी असते; ३० मायक्रॉनच्या ठिपक्यावरून शिनाणे विषारी असल्याची बातमी झाली, तर बाजारातल्या बायका तुम्हाला शोधत येतील, आणि त्यांचे बरोबर असेल.

चित्राखाली ठशाचा आकार, वेग, ऊर्जा, कापाची जाडी, वजन ओले की सुके, शोध-मर्यादा आणि शिनाण्याला किती तास उपाशी ठेवले, हे लिहा. ॲल्युमिनियमचा नकाशा पुरवणीत जोडा. आणि तिसरा, राखीव काप परीक्षकांचे पत्र येईपर्यंत डेसिकेटरमधून हलवू नका.